गोळ्या संपल्यानंतरचे बारा आठवडे

हिपॅटायटिस सी बरा होतो, हे सांगताना मला अजूनही थोडे नवल वाटते. वर्षानुवर्षे यकृतात ठाण मांडून बसलेला विषाणू बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी समूळ जातो आणि शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक माणसांच्या बाबतीत जातो, असे वैद्यकशास्त्रात फार वेळा घडलेले नाही. मात्र गोळ्या संपल्या त्या दिवशी ‘मी बरा झालो’ असे म्हणता येत नाही. त्यासाठी आणखी बारा आठवडे थांबावे लागते, पुन्हा एकदा रक्त द्यावे लागते, आणि त्या रक्तात विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, सापडला नाही तरच उपचार यशस्वी झाला असे मानतात. या दुसऱ्या बारा आठवड्यांत औषध नसते, त्रास नसतो, दवाखान्यात जाण्याला डोळ्यांना दिसेल असे कारण नसते; आणि ज्यांच्याविषयी मी लिहिते आहे, ती शिरेतून इंजेक्शने घेतलेली किंवा अजूनही घेणारी माणसे, नेमकी याच काळात नजरेआड होतात. त्यांच्या कागदावर मग ‘पाठपुराव्यास आला नाही’ असा शेरा पडतो. या शेऱ्यात सगळा दोष न आलेल्या माणसाच्या पदरात जातो, आणि ते मला पटत नाही.

कोल्हापुरात रक्ताचे नमुने घेण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे, आणि आता अशा माणसांच्या तारखा सांभाळण्यासाठी जमेल तसा हातभार लावते. त्यामुळे माझे बोलणे डॉक्टरांच्या खुर्चीतून येत नाही. ते सुईच्या टोकाकडून येते. ज्याने वर्षानुवर्षे स्वतःच्या शिरेत सुई घातली आहे, त्याचे रक्त काढणे हे एक वेगळेच काम असते. दंडाला पट्टा आवळला की कोपराच्या खोबणीतली मोठी शीर बोटाखाली लागते, पण ती कडक झालेली असते, दाबली तर दबत नाही, आणि सुई आत गेली तरी नळीत थेंब येत नाही. अशा वेळी समोरचा माणूसच वाट दाखवतो. “ताई, ती गेलीया. तिच्या नादाला लागू नगासा. हितं बघा, अंगठ्याच्या वरच्या अंगाला, बारीक सुई घ्या,” असे एकाने मला सांगितले होते आणि तो म्हणाला तिथेच, लहान मुलांसाठी ठेवलेल्या बारीक सुईने, पहिल्या प्रयत्नात रक्त मिळाले. स्वतःच्या हाताची एवढी नेमकी माहिती त्याच्यापाशी का आहे, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होते. अशा क्षणी नर्सने किंवा तंत्रज्ञाने भुवई उंचावली, चार ठिकाणी टोचून वर “काय करून ठेवलंय हाताचं” म्हटले, तर तो माणूस पुढच्या तारखेला येत नाही. हे मी पाहिले आहे. पाठपुरावा म्हणजे फोन आणि रजिस्टर असे आपण समजतो. पण तो पुष्कळदा रक्त काढणाऱ्याच्या बोटांवर आणि जिभेवर अवलंबून असतो.

या विषाणूची खरी अडचण अशी की तो गाजावाजा करीत नाही. आपल्याकडे कावीळ म्हटली की डोळे पिवळे, लघवी पिवळी, जेवण नकोसे, आणि मग कुणाच्या तरी सांगण्यावरून पंचक्रोशीतल्या एखाद्या गावी जाऊन घेतलेले झाडपाल्याचे औषध, असा ठरलेला क्रम असतो. हिपॅटायटिस सीच्या बहुतेक रुग्णांत सुरुवातीला यातले काहीच होत नाही. लागण झालेल्यांपैकी साधारण तीस टक्के लोकांच्या शरीरातून विषाणू सहा महिन्यांच्या आत आपोआप जातो. उरलेल्यांच्या यकृतात तो मुक्काम करतो, आणि वीस वर्षांच्या काळात त्यांच्यापैकी पंधरा ते तीस टक्क्यांचे यकृत आकसून घट्ट होते, ज्याला आपण सिरॉसिस म्हणतो. पोटात पाणी झाले, रक्ताची उलटी झाली, म्हणजे मग घरचे म्हणतात, “दारूनं केलं.” काही वेळा ते खरेही असते, कारण दारू आणि हा विषाणू एकमेकांना चांगली साथ देतात. पण विशीत कधीतरी मित्राच्या सिरिंजमधून घेतलेल्या इंजेक्शनाची आठवण त्या वेळी कुणी काढत नाही. बहुधा ती घरी कुणाला माहीतच नसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 सालच्या अहवालात 2022 साली भारतात हिपॅटायटिस सीचे सुमारे 55 लाख रुग्ण असल्याचा अंदाज दिला आहे. देशात इंजेक्शनने नशा करणाऱ्यांची संख्या साडेआठ लाखांच्या आसपास असल्याचे 2019 सालच्या राष्ट्रीय पाहणीत म्हटले होते. असे आकडे वाचले की आपल्याला पंजाब आठवतो, मणिपूर आठवतो. पंचगंगेकाठचे आपले गाव आठवत नाही. इथे दूध आहे, गूळ आहे, तालमी आहेत. शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान आहे. सुई आपल्याकडे नाही, अशी आपली समजूत आहे.

पण सुई आली, आणि तीही व्यायामाच्या वाटेने. मेफेंटरमाईन नावाचे एक इंजेक्शन आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब उतरला तर तो सावरण्यासाठी भूलतज्ज्ञ ते वापरतात. जिममध्ये जाणाऱ्या काही मुलांनी ते दम लागू नये, अंगात तरतरी यावी म्हणून शिरेतून घ्यायला सुरुवात केली, आणि त्याच्या बेकायदा विक्रीच्या बातम्या आपल्या भागातल्या वर्तमानपत्रांतून येत राहिल्या. हृदयाची धडधड, वाढलेला रक्तदाब, झोप उडणे, सवय लागणे हे त्याचे दुष्परिणाम सगळे बोलून दाखवतात. माझी नजर मात्र कुपीवर जाते. हे औषध अनेक डोस निघतील एवढ्या मोठ्या, रबरी बुचाच्या कुपीत मिळते. तिघाचौघांनी वर्गणी काढून एक कुपी आणली की प्रत्येकाची सिरिंज वेगळी असली तरी धोका टळत नाही. पहिल्याने वापरलेली सुई दुसऱ्या डोससाठी पुन्हा बुचातून आत गेली की सुईच्या पोकळीतले डोळ्यांना न दिसणारे रक्त कुपीत उतरते आणि तिथून पुढच्या सगळ्यांत वाटले जाते. अफू जातीची नशा करणाऱ्यांमध्ये हेच काम चमचा, कापूस आणि सुई धुण्याचे पाणी करते. सिरिंजच्या आत राहिलेल्या रक्तात हा विषाणू काही आठवडे जिवंत राहू शकतो, हे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. तो एचआयव्हीपेक्षा कितीतरी चिवट आहे.

ही मुले स्वतःला नशेकरी समजत नाहीत. “आम्ही काय गर्दुल्ले हाय व्हय?” असा त्यांचा सवाल असतो, आणि विचारणारा चिडलेला नसून खरोखरच गोंधळलेला असतो. याचा परिणाम सरळ उपचारावर होतो. ज्यांना हेरॉईन किंवा वेदनाशामक इंजेक्शनांची सवय आहे, त्यांच्यासाठी निदान एक वाट आखलेली आहे: राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमात नशेच्या जागी घ्यायची, जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी केंद्रावर, कर्मचाऱ्याच्या समोर दिली जाते, निर्जंतुक सुया मिळतात, आणि माणूस रोज येत असल्यामुळे हिपॅटायटिस सीची गोळीही तिथेच देता येते, दोन्ही औषधे एकमेकांच्या आड येत नाहीत. मेफेंटरमाईन घेणाऱ्यासाठी अशी पर्यायी गोळी नाही. त्याला रोज कुठे जावेच लागत नाही, म्हणून त्याची गाठ कुणाशी पडत नाही. त्याच्यापर्यंत पोचायचे तर तालमीतल्या वस्तादांनी आणि जिमच्या प्रशिक्षकांनीच “एकदा रक्त तपासून घे” म्हणायला हवे. ते म्हणतील का? काही म्हणतात. काहींना आपल्या जिमचे नाव जाईल याची धास्ती असते, आणि ती धास्तीही मला समजते.

तपासणी दोन टप्प्यांत होते, आणि त्यांतला फरक आधीच नीट समजावून सांगितला नाही तर पुढे फार गोंधळ होतो. पहिली कार्ड चाचणी विषाणूविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे शोधते. ती ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ आली, म्हणजे या माणसाची कधी ना कधी विषाणूशी गाठ पडली होती, एवढेच कळते. विषाणू आज शरीरात आहे की नाही, हे दुसऱ्या, आरएनए चाचणीत कळते. पूर्वी तिच्यासाठी नमुना मोठ्या शहरात पाठवून वाट पाहावी लागे. आता क्षयरोगासाठी वापरतात त्या जातीच्या छोट्या यंत्रांवर ती काही तासांत होऊ शकते. विषाणू सापडला की वय, एसजीओटी व एसजीपीटी या यकृताच्या रक्तचाचण्या आणि प्लेटलेट एवढ्या साध्या आकड्यांवरून यकृत किती घट्ट झाले आहे याचा अंदाज घेतात. हिपॅटायटिस बी आहे का, हेही उपचारापूर्वी पाहावेच लागते, कारण सीचा विषाणू जाऊ लागला की दबून असलेला बी डोके वर काढू शकतो.

औषधाची कथा थोडक्यात सांगते. विषाणूची ओळख 1989 साली पटली आणि त्यामागच्या कामासाठी हार्वे आल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राईस यांना 2020 सालचे नोबेल मिळाले. मधली बरीच वर्षे इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांची होती: सहा महिने ते वर्षभर दर आठवड्याला एक सुई, ताप, अंगदुखी, मनाला घेरणारी उदासी, आणि इतके सोसूनही यशाची खात्री नाही. सुई सोडू पाहणाऱ्या माणसाच्या हाती पुन्हा सुईच देणारा तो उपचार होता. आजच्या गोळ्यांतल्या सोफोसबुव्हिर या मुख्य औषधाला 2013 च्या डिसेंबरात अमेरिकेत मान्यता मिळाली, तेव्हा तिथे बारा आठवड्यांच्या, म्हणजे 84 गोळ्यांच्या उपचाराची किंमत 84,000 डॉलर होती. एक गोळी हजार डॉलरला. पुढच्याच वर्षी भारतीय कंपन्यांना ते बनवण्याचे परवाने मिळाले आणि किंमत कोसळली. 28 जुलै 2018 रोजी हिपॅटायटिस नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि तपासणी व औषध दोन्ही सरकारी केंद्रांतून मोफत मिळू लागले. सिरॉसिस नसेल तर सोफोसबुव्हिरसोबत डॅक्लाटासव्हिर, असेल तर व्हेल्पाटासव्हिर, हा साधारण क्रम.

ज्या नियमाचा मला सर्वांत जास्त राग येतो, तो कुठल्याच मार्गदर्शक सूचनेत लिहिलेला नाही. तरीही तो पाळला जातो. “आधी सगळं सोड, मग गोळ्यांचं बघू.” यामागे अशी धारणा असते की सुई घेणारा माणूस गोळ्या नेमाने घेणार नाही आणि सरकारचे औषध वाया जाईल. सात देशांत झालेला एक अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला; त्यात मागच्या सहा महिन्यांत इंजेक्शन घेतलेल्या 103 जणांना उपचार दिले गेले, त्यांच्यापैकी कित्येकांनी मधल्या काळातही ते घेणे चालू ठेवले होते, आणि तरी 94 टक्के बरे झाले. नशा सोडण्याची वाट लांबची असते, तिच्यात घसरणे-सावरणे असते. तोवर विषाणू थांबत नाही, आणि त्याचे कुपीतून किंवा सिरिंजमधून पुढच्या माणसाकडे जाणेही थांबत नाही. म्हणून सुई घेणाऱ्याला आधी औषध द्यावे, हा दयेचा मुद्दा तर आहेच, पण त्याहून अधिक तो साथ रोखण्याचा मुद्दा आहे. मधुमेहाच्या रुग्णाने जिलेबी खाल्ली म्हणून त्याच्या गोळ्या कुणी बंद करीत नाही.

गोळ्या चालू असतानाचा काळ त्या मानाने सोपा जातो. 28 दिवसांच्या गोळ्यांची बाटली एका वेळी मिळते, संपत आले की पुढचे घ्यायला यावे लागते, म्हणून भेट होते. डोके थोडे दुखते, थकवा वाटतो, क्वचित मळमळते. सांभाळायचे ते इतर औषधांना: क्षयावरचे रिफाम्पिसिन किंवा फिटवरच्या काही गोळ्या चालू असतील तर हे औषध निकामी होते, हृदयाच्या ठोक्यांवरचे अमायोडेरॉन असेल तर ठोके धोकादायक रीतीने मंदावू शकतात, आणि व्हेल्पाटासव्हिर घेणाऱ्याने ॲसिडिटीच्या गोळीबद्दल आधी विचारलेले बरे. हे प्रश्न रुग्णाला विचारायला हवेत, पण ते आपुलकीने विचारले तरच खरे उत्तर येते. कारण या माणसांना विचारपूस आणि चौकशी यांतला फरक लगेच कळतो.

आणि मग तिसरी बाटली संपते. इथून पुढे काय होते, याचे एक उदाहरण माझ्या नजरेसमोर आहे. करवीर तालुक्यातला एक ट्रॅक्टरचालक. पाठदुखीवर कुणीतरी दिलेल्या वेदनाशामक इंजेक्शनांतून सवय लागली होती. ऑगस्टच्या सुरुवातीला त्याच्या गोळ्या संपल्या. बारा आठवड्यांनी, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटी, शेवटची तपासणी. आपल्याकडे राहणाऱ्या कुणालाही विचारा, ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊस वाहणारा ट्रॅक्टरचालक कुठे असतो. गळीत हंगाम सुरू झाला की तो फडात नाहीतर कारखान्याच्या काट्यावरच्या रांगेत असतो, रात्री केबिनमध्ये झोपतो, आणि एक खेप चुकली तर तेवढी मजुरी जाते. केंद्रावरून त्याला फोन गेले, तो उचलू शकला नाही, आणि रजिस्टरात शेरा पडला. हंगाम उरकल्यावर तो स्वतःहून आला. “सांगितलं असतं तर कारखान्याच्या दारात रक्त दिलं असतं की ताई,” तो म्हणाला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. ही चाचणी ठरल्या दिवसाच्या आधी करून चालत नाही, नंतर केली तर चालते. चोवीस आठवड्यांनी केली तरी तिचे उत्तर तितकेच खरे असते. म्हणजे तारीख देताना पंचांगाकडे आणि हंगामाकडे पाहिले, घरातल्या कुणा विश्वासाच्या माणसाचा नंबर त्याच्या संमतीने घेतला, तर निम्मे काम होते. उरलेले निम्मे नमुना घ्यायला आपण बाहेर पडण्याचे आहे, आणि त्याची तयारी अजून फार थोड्या ठिकाणी दिसते.

त्या शेवटच्या कागदाचा उपयोग केवळ मनाच्या समाधानापुरता नसतो, हे शिरोलीच्या एका फाउंड्रीत काम करणाऱ्या गृहस्थांच्या बाबतीत फार स्पष्ट झाले. ते पूर्ण बरे झाले होते. पुढे हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी एका खासगी रुग्णालयात गेले, तिथे नेहमीच्या तपासण्यांत कार्ड चाचणी ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ आली, आणि शस्त्रक्रिया आधी लांबणीवर पडली, मग वेगळ्या साहित्याच्या नावाखाली तिचा खर्च वाढला. प्रतिपिंडे बरे झाल्यावरही रक्तात राहतात, बहुधा जन्मभर राहतात, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते, आणि ज्यांना ते ठाऊक असायला हवे त्यांनी विचारात घेतले नाही. त्यांच्याकडे आरएनए न सापडल्याचा अहवाल होता. रेशनकार्डाच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला, घडीवर शाई उडालेला. आता मी प्रत्येकाला त्या कागदाच्या दोन प्रती काढायला, एक लॅमिनेट करायला आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवायला सांगते. पुढच्या आयुष्यात कुठेही रक्त तपासले तर कार्ड चाचणीने घाबरू नका, आरएनए चाचणी मागा, हेही सांगते.

बरा झालेला माणूस पुन्हा सुई वाटून घेऊ लागला तर पुन्हा लागण होऊ शकते, कारण या आजारातून उठल्याने संरक्षण मिळत नाही आणि सीवर लस नाही. (बीवर आहे, आणि ती या सगळ्यांना आवर्जून द्यायला हवी.) अशा माणसाची वर्षातून निदान एकदा आरएनए चाचणी करावी आणि विषाणू सापडला तर पुन्हा उपचार द्यावेत, असे आज मानले जाते. “परत आलं तर परत गोळ्या देतील?” हा प्रश्न मला खाली मान घालून विचारला जातो, आणि उत्तर ‘हो’ आहे. त्यावर एखादा कर्मचारी “किती वेळा द्यायच्या?” म्हणतो, तेव्हा मी त्याला विचारते की रस्त्यावरच्या अपघातात दुसऱ्यांदा हाड मोडलेल्याला आपण प्लास्टर नाकारतो का.

ज्यांना गोळ्या सुरू होण्यापूर्वीच सिरॉसिस झालेला होता, त्यांचा पाठपुरावा तर बारा आठवड्यांनीही संपत नाही. विषाणू गेला तरी यकृताच्या कर्करोगाचा धोका पूर्ण जात नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते, बरोबर एएफपी ही यकृताच्या कर्करोगाचा माग घेणारी रक्तचाचणीही करतात, आणि हे पुढेही करीतच राहायचे असते. बरे झालेल्या माणसाला हे पटवणे सर्वांत अवघड जाते. पन्नाशी ओलांडलेल्या एका काकांनी यावर स्वतःच तोड काढली. सहा महिने मोजत बसणे त्यांना जमत नव्हते, म्हणून त्यांनी जोतिबाची चैत्र यात्रा आणि नवरात्रातली त्र्यंबोलीची यात्रा अशा दोन खुणा धरल्या. दोहोंत साधारण तेवढेच अंतर पडते. चैत्रातल्या सोनोग्राफीत नवे काही आढळले नाही. पुढची तारीख घेताना त्यांनी त्र्यंबोली यात्रेच्या दुसऱ्या दिवशीची मागितली. कॅलेंडर पाहिले तर तो रविवार होता, म्हणून त्यांना सोमवारची सकाळची वेळ दिली आणि उपाशीपोटी यायला सांगितले.